जॅक लागलाय!

ऑफिसच्या फुकट हेल्थ चेकअपमध्ये प्लेटलेट्स निघाल्या साडेआठ लाख. 'जीन्स' म्हणजे फक्त कपाटातल्या नव्हेत, हे त्यानंतर कळलं. डीएनएतल्या एका अक्षराच्या चुकीची, तिच्यावरून मांडलेल्या आयुष्याच्या हिशेबाची आणि मध्येच अडलेल्या एका लग्नाची ही गोष्ट...

पुण्यात प्लेटलेट्स हा शब्द पावसाळ्यात ऐकू येतो. कुणाला तरी डेंग्यू होतो, काउंट तीस हजारांवर येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तदात्यांसाठी मेसेज फिरतात आणि एखादी मावशी पपईच्या पानांचा रस घेऊन हजर होते. प्लेटलेट्स कमी झाल्या की घाबरायचं, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये माझा आकडा ८,४६,००० आला, तेव्हा मी चक्क खूश झाले. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. आपल्याकडे डबल! शेजारच्या डेस्कवरचा म्हणाला, "वाटून टाक की. पुण्य लागेल."

फॅमिली डॉक्टर मात्र हसले नाहीत. "लोह कमी असलं, कुठे इन्फेक्शन असलं, तरी वाढतात," म्हणाले. दोन्ही तपासलं. दोन्ही ठीक. महिन्याभराने पुन्हा सीबीसी, ८,७१,०००. मग त्यांनी चिठ्ठीवर हिमॅटॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं.

मी हिंजवडीत डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. एका परदेशी क्रेडिट कार्ड कंपनीचे ग्राहक किती महिन्यांत कार्ड बंद करतील, याचे अंदाज बांधायचे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे या धंद्याने माझ्यावरच सूड उगवला.

पहिला हिमॅटॉलॉजिस्ट एका मोठ्या हॉस्पिटलात भेटला. नाव घेत नाही. दीड तास वेटिंग, सहा मिनिटं कन्सल्टेशन. कॉम्प्युटरवरची नजर न हलवता तो म्हणाला, "बहुतेक इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया. ब्लड कॅन्सरचाच प्रकार, पण स्लो असतो. टेन्शन घेऊ नका." 'ब्लड कॅन्सर' आणि 'टेन्शन घेऊ नका' एकाच दमात! आई शेजारीच बसली होती. रिक्षात बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या घराण्यात असं कुणालाच नाही गं. तुला कुठून आलं?"

वशिल्याचं तट्टू

दुसरं मत घ्यायला आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर आणि हातात कायम पेन. बोलता बोलता प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्रं काढायची त्यांची सवय. त्यांनी काढलेलं चित्र माझ्या भाषेत सांगते.

हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो, अस्थिमज्जा म्हणजेच बोन मॅरो. हा रक्तपेशींचा कारखाना. एकट्या प्लेटलेट्सच तो रोज साधारण दहा हजार कोटी तयार करतो. ऑर्डर येते लिव्हरकडून. तिथून थ्रॉम्बोपोएटिन नावाचं हॉर्मोन निघतं आणि मॅरोतल्या पेशीच्या दारावरची बेल वाजवतं. या दाराचं नाव एमपीएल. दाराच्या आतल्या बाजूला वॉचमन बसलेला असतो, तो जॅक टू. बेल वाजली की तो आत निरोप देतो, 'माल काढा'. बेल थांबली की गप्प बसतो.

जॅकच्या नावाचा किस्सा मस्त आहे. ही प्रथिनं सापडली तेव्हा तशा प्रकारच्या 'किनेज' प्रथिनांचा इतका सुळसुळाट झाला होता, की शोधणाऱ्यांनी वैतागून नाव ठेवलं 'जस्ट अनदर किनेज', आणखी एक किनेज! पुढे जरा अदब आली आणि 'जॅक'चा अर्थ लावला गेला 'जॅनस किनेज'. जॅनस म्हणजे दोन तोंडांचा रोमन देव. कारण या रेणूला एकमेकांसारखे दिसणारे दोन भाग असतात. एक काम करतो आणि दुसरा त्याची कॉलर धरून ठेवतो.

जॅक टू ही ११३२ अमिनो आम्लांची माळ आहे. तिच्यातला ६१७ नंबरचा मणी बदलतो. व्हॅलिनच्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिन येतं. कारण काय, तर जनुकातलं एक अक्षर चुकलेलं असतं, 'जी'च्या जागी 'टी'. बस, एवढंच. पण हा मणी नेमका कॉलर धरणाऱ्या भागात असतो. कॉलर सुटते. आता बेल वाजो न वाजो, वॉचमन ओरडतच राहतो, 'माल काढा, माल काढा'.

आपल्याकडे याला काय म्हणतात? जॅक लागला! ना जाहिरात, ना इंटरव्ह्यू, वशिल्याचं तट्टू थेट कामावर. माझ्या मॅरोत अशी तट्टं भरती झाली होती आणि त्यांची पिलावळही वशिल्याचीच.

हा शोध २००५ सालचा. केंब्रिज, पॅरिस, बासेल आणि बोस्टन, चार ठिकाणच्या चार टीम जवळपास एकाच वेळी इथे पोचल्या. त्याआधी काय होतं? तर १९५१ साली विल्यम डॅमशेक या अमेरिकन डॉक्टरने लिहिलेलं एक छोटं टिपण. तांबड्या पेशी वाढवून रक्त दाट करणारी पॉलिसायथीमिया व्हेरा, प्लेटलेट्स वाढवणारा माझा आजार आणि मॅरोत तंतूंचं जाळं विणणारी मायलोफायब्रोसिस ही सगळी एकाच घरातली भावंडं असावीत, असं त्याने म्हटलं. पुरावा नव्हता. टिपणाच्या नावातच 'काही तर्क' असं त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकलं होतं. चोपन्न वर्षांनी तर्क खरा ठरला. पॉलिसायथीमियाच्या जवळपास सगळ्या पेशंट्समध्ये आणि उरलेल्या दोन भावंडांच्या निम्म्या-अधिक पेशंट्समध्ये हीच चूक सापडली.

मग उरलेल्यांचं काय? २००६ साली दाराचीच, म्हणजे एमपीएलची चूक सापडली, पण ती थोड्याच लोकांत. डिसेंबर २०१३ मध्ये व्हिएन्ना आणि केंब्रिजच्या टीमनी कॅलआर नावाचं तिसरं जनुक शोधलं. बिघडलेलं कॅलआर स्वतःच दाराला चिकटून बेल दाबून धरतं. माझ्या आजारात साधारण चौथा हिस्सा लोक याचे. आणि काहींत तिन्हींपैकी काहीच सापडत नाही. त्यांना 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात.

"आणि मॅडम, कॅन्सर?" आईने शेवटी विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "२००८ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या गटाला 'डिसीज' म्हणत होते. २००८ मध्ये 'निओप्लाझम' केलं. निओप्लाझम म्हटलं की कॅन्सरच्या खात्यात गेलं. आजार होता तोच आहे, पाटी बदलली." आईला हे फार पटलं. आजही ती नातेवाइकांना 'पाटी बदलली' असंच सांगते. ते काहीच समजत नाहीत, पण पुढचे प्रश्नही विचारत नाहीत.

रात्री दोनची एक्सेल शीट

जॅक टूची टेस्ट साध्या रक्तावरच होते. रिपोर्टला दहा दिवस लागले आणि तो आला कधी, तर क्लायंट कॉल चालू असताना. फोनवर पीडीएफ. 'जॅक टू व्ही६१७एफ: डिटेक्टेड. अ‍ॅलील बर्डन १८ टक्के.' म्हणजे त्या जनुकाच्या शंभर प्रतींतल्या अठरा चुकीच्या. माझी स्क्रीन शेअर झालेली होती. मी सप्टेंबरच्या ग्राहक-गळतीचा तक्ता तसाच वाचत राहिले. लॅबवाल्यांना एक विनंती, असला रिपोर्ट आधी डॉक्टरांकडे जाऊ द्या हो.

मॅडमची अपॉइंटमेंट चार दिवसांनी. मग रात्री जे कुणीही करेल ते मी केलं. शोधत बसले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ८२६ पेशंट्सचा एक अभ्यास २०१४ साली छापून आलाय. त्यातलं मीडियन आयुष्य, म्हणजे निदान झाल्यापासून निम्मे पेशंट किती वर्षं जगले तो आकडा: मायलोफायब्रोसिस ५.९ वर्षं, पॉलिसायथीमिया १३.५ आणि माझा आजार १९.८.

माझं वय ३३. तेहेतीस अधिक वीस, त्रेपन्न.

बालेवाडीच्या फ्लॅटसाठी बँकेने मला बरोब्बर वीस वर्षांचं कर्ज दिलंय. म्हणजे शेवटचा हप्ता भरायचा आणि निघायचं! रात्री दोन वाजता मी खरंच एक्सेल उघडून बसले. एका कॉलममध्ये वर्षं, दुसऱ्यात ईएमआय, तिसऱ्यात आई-बाबांची वयं. चौथ्या कॉलमचं नाव 'मूल?' असं टाकलं आणि लॅपटॉप बंद केला.

सकाळी ऑफिसच्या बसमध्ये तोच पेपर पुन्हा वाचला. या वेळी पेशंटसारखा नाही, अ‍ॅनालिस्टसारखा. आणि स्वतःचीच लाज वाटली. सरासरीच्या खाली वयाप्रमाणे पाडलेले आकडे दिलेले होते. साठीच्या आतल्यांचं मीडियन, माझ्या आजारात, जवळपास ३३ वर्षं. एका ओळीने मला तेरा वर्षं परत दिली! नव्या ग्राहकांचा आकडा जुन्यांत मिसळून दाखवला म्हणून मी ज्युनियर मुलांना झापते, आणि स्वतःच्या बाबतीत तेच केलं होतं.

बरं, हे ३३ तरी काय आहे? त्या वर्षी निम्मे लोक अजून असतात. आणि इतक्या लांबचा हिशेब मांडायचा तर त्यातले बरेच पेशंट काही दशकांपूर्वीचेच असणार, त्या काळातल्या औषधांवरचे. माझ्या मॉडेलचा अंदाज दहा हजार ग्राहकांच्या गटाला छान लागू पडतो. त्यातल्या एका माणसाबद्दल विचारलंत, तर मी खांदे उडवते. सात वर्षं हे काम करतेय, पण त्या एका माणसाला काय वाटत असेल, असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मॅडमनी एक्सेलचं कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाल्या, "वर्षं मोजत बसू नकोस. तुझ्या आजारात पहिली भीती गुठळीची. मेंदूत, हृदयात, कधी पोटातल्या शिरांत. ती टाळायची." त्यासाठी तीन गोष्टी बघतात. वय साठच्या वर आहे का, आधी कधी गुठळी झालीय का आणि जॅक टू आहे का. माझ्याकडे फक्त तिसरी. म्हणून माझा गट 'लो रिस्क'. जॅकही नसता तर 'व्हेरी लो'. त्या एका अक्षराचं आजचं मोल एवढंच, 'व्हेरी' हा शब्द गेला आणि रोजची एक छोटी अ‍ॅस्पिरिन आली. सिगारेट बंद (होय, प्यायचे), इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद. गंमत म्हणजे प्लेटलेट्स दहा लाखांच्या पुढे गेल्या तर उलट रक्तस्राव व्हायला लागतो, कारण गर्दीत रक्त गोठवणारा दुसरा एक घटक कमी पडतो. तेव्हा अ‍ॅस्पिरिनही जपून द्यावी लागते. वशिल्याची माणसं वाढली की ऑफिस बंद पडतं, तसंच.

काकांची पानथरी

मॅरोची तपासणी चुकली नाही. "रक्तावरून दोन जुळी ओळखू येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. माझ्या आजारासारखाच दिसणारा, पण मायलोफायब्रोसिसची पहिली पायरी असलेला एक प्रकार असतो. तो फक्त मॅरोचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून कळतो. आणि फरक मोठा आहे. अकराशेच्या वर पेशंट्सच्या २०११ मधल्या एका अभ्यासात पंधरा वर्षांनी माझ्या आजारातले ८० टक्के लोक हयात होते, त्या जुळ्यातले ५९ टक्के.

तपासणीबद्दल लोक उगाच घाबरवतात. पालथं झोपायचं, कमरेच्या मागच्या हाडापाशी भुलीचं इंजेक्शन. सुई आत जाताना नुसता दाब कळतो. मॅरो ओढून घेतात तो क्षण मात्र वाईट. दुखत नाही म्हणणार नाही. आतून कुणीतरी स्ट्रॉने ओढतंय असं वाटतं, पण पाच-सात सेकंदच. दुसऱ्या दिवशी मी लॉग-इन केलं होतं, उशीवर बसून.

रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा वेटिंगमध्ये शेजारी एक काका होते. सातारकडचे, सत्तरीला आलेले, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. सोबत मुलगा. "पानथरी वाढलीया," काकांनी पोटावर हात ठेवून सांगितलं. पानथरी म्हणजे प्लीहा. मॅरोत जाळी झाली की रक्त बनवायचं काम तिच्या गळ्यात पडतं आणि ती फुगते. काकांना मायलोफायब्रोसिस. मुलाने त्यांचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "ताई, हे कॅलआर म्हणजे वाईट का?"

आता सांगा, मी काय उत्तर देणार? पण हे नेमकं मी वाचलेलं होतं. २०१४ मध्ये मायलोफायब्रोसिसच्या पेशंट्सचा जनुकांप्रमाणे हिशेब मांडला गेला. पेशंट किती होते माहितेय? ६१७! माझ्या मण्याचा नंबर. त्यात कॅलआरवाल्यांचं मीडियन आयुष्य निघालं १७.७ वर्षं, जॅक टूवाल्यांचं ९.२ आणि ट्रिपल निगेटिव्हवाल्यांचं ३.२. म्हणजे ज्या आजारात रिपोर्टवर 'काहीही सापडलं नाही' असं आलं की घरचे पेढे वाटतील, तिथे तेच सगळ्यात वाईट. आणि माझ्या आजारात? तिथे ट्रिपल निगेटिव्हवाले बहुधा तरुण असतात आणि त्यांना गुठळीचा धोका कमी. तीच कोरी जागा, दोन भावंडांच्या घरी दोन अर्थ.

मुलाला मी आकडे सांगितले नाहीत. "यातल्या त्यात चांगलं आहे, पण डॉक्टरांना विचारा," एवढंच म्हटलं. काकांनी टोपी घातली. "चांगलं हाय म्हनत्यात," ते मुलालाच म्हणाले, जणू मुलगा ऐकत नव्हता. मॅडमनी त्यांना रुक्सोलिटिनिब सुरू केलं. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध जॅकचं तोंड बंद करतं, मग बिघाड जॅकमध्ये असो नाहीतर कॅलआरमध्ये. निरोप शेवटी त्याच्यामार्फतच जातो ना! पानथरी उतरते, घाम-खाज-थकवा कमी होतो. आजार मुळापासून जातो तो फक्त बोन मॅरो ट्रान्सप्लांटने, आणि तो सत्तरीच्या माणसाला झेपेलच असं नाही.

माझ्या मॅरोत जाळी नव्हती. साधा, सरळ इसेन्शियल थ्रॉम्बोसायथीमिया. कुठलाही आजार निघाल्याचा इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं तिथून थेट मिसळ खायला गेलो.

अजून किती कळायला हवं?

इथवर वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की मी माहितीची हावरट बाई आहे. मला पुढचंही हवं होतं. एनजीएस पॅनेल नावाची टेस्ट असते. एकाच झटक्यात पन्नासेक जनुकं तपासते आणि जॅकच्या जोडीला आणखी कोण वशिल्याने घुसलंय ते सांगते. टीपी५३ असेल तर पुढे ल्युकेमियाची शक्यता वाढते. एसएफ३बी१ असेल तर... आणि इथे पुन्हा तीच गोची. एमडीएस नावाच्या मॅरोच्या दुसऱ्या आजारात एसएफ३बी१ हे सुचिन्ह समजतात. माझ्या आजारात तेच अपशकुनी.

भरीस भर, चुका कुठल्या क्रमाने झाल्या यानेही फरक पडतो. २०१५ मध्ये केंब्रिजच्या टीमने दाखवलं की जॅक टू आणि टेट टू ही दोन्ही जनुकं बिघडलेल्या माणसांत, ज्यांचं जॅक आधी बिघडलं ते तरुण वयात डॉक्टरांकडे आले आणि त्यांना गुठळ्यांचा धोका जास्त निघाला. टेट आधी बिघडलेल्यांचं चित्र वेगळं. भाजीत मीठ आधी की नंतर यावरून भाजी बदलावी, तसं. २०१८ मध्ये तर २०३५ पेशंट्सची ६३ प्रकारची माहिती एकत्र करून एकेका पेशंटचा अंदाज सांगणारं मॉडेल आलं. व्यावसायिक दृष्टीने सांगते, काम झकास आहे. हेवा वाटला.

मी मॅडमना म्हटलं, पॅनेल करूया. त्यांनी पेन खाली ठेवलं. "करू. पैसे तुझे, रक्त तुझं. पण काय आलं म्हणजे तू उद्यापासून काय वेगळं करणार आहेस? मी तरी वेगळं काय देणार आहे? तुझ्या वयाला, या काउंटला, अ‍ॅस्पिरिनच. हिमोग्लोबिन उतरायला लागलं, पानथरी हाताला लागली, तर मीच सांगेन कर म्हणून."

यावर मी दोन आठवडे विचार केला. ऑफिसमध्ये आमचा नियम आहे, ज्या आकड्यावर कुणी निर्णय घेणार नाही तो डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. तिथे तो नियम मीच लिहिलाय. शिवाय एक गोष्ट जाणवली. जितकी जनुकं वाढवावीत तितका माझा गट लहान होत जातो. ८२६ पैकी साठीच्या आतले, त्यातले माझ्या आजाराचे, त्यातले जॅकवाले, त्यातले अमुक जोडीदारवाले... शेवटी चार माणसं उरतात, आणि चार माणसांवरून तर मी कार्डाच्या ग्राहकाबद्दलही काही बोलणार नाही. टेस्ट तूर्त केली नाही. एखाद्या रात्री अजूनही करावीशी वाटते, हेही खरं.

घराण्याचा प्रश्न

आता त्याच्याबद्दल. नाव नको, तोही हे वाचणार आहे. दोन वर्षांची ओळख, घरी सांगून झालेलं, डिसेंबरात लग्न करायचं ठरत होतं. रिपोर्ट आला त्याच आठवड्यात मी त्याला एफसी रोडवर बसवून सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं काय, तर "मूल?" माझ्या एक्सेलचा चौथा कॉलम!

मॅडमकडे आम्ही दोघं गेलो. होऊ शकतं. धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून देखरेख कडक. अ‍ॅस्पिरिन चालू राहते, हायड्रॉक्सियुरिया हे नेहमीचं काउंट उतरवणारं औषध त्या काळात चालत नाही, गरज पडलीच तर इंटरफेरॉन. त्याने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. त्याचं ठीक होतं. अडलं पुढे. त्याच्या आईने फोनवर विचारलं, "जीन्सचं आहे म्हणे. आनुवंशिक आहे का?"

मराठीत ही मोठी पंचाईत आहे. 'जनुकीय' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'आनुवंशिक'च ऐकू येतं. माझी चूक आई-बाबांकडून आलेली नाही. ती मॅरोतल्या एका पेशीत झाली आणि तिच्या पोरांत पसरली. माझ्या बीजांडात ती नाही, मुलाला जाणार नाही. कधी झाली असेल? २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दोन पेशंट्सच्या पेशींची वंशावळच काढली. निदानाच्या वेळी ३४ वर्षांच्या असलेल्या एकात ही चूक नवव्या वर्षाच्या आसपास झालेली निघाली. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या अभ्यासात काहींची तर जन्माआधीची. माझी कधीची, कुणास ठाऊक. मी स्कॉलरशिपच्या परीक्षेला घोकंपट्टी करत होते तेव्हा एक पेशी चुपचाप चुकली असेल. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते, फार अभ्यास करू नकोस." 'तुला कुठून आलं' हा तिचा प्रश्न त्यानंतर बंद झाला.

पण गोष्ट इथेच संपत नाही. २००८ मध्ये स्वीडनमध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत दिसलं की अशा पेशंट्सच्या सख्ख्या नातेवाइकांना हे आजार होण्याचं प्रमाण इतरांच्या पाच ते सात पट असतं. मूळ आजार इतका दुर्मीळ, की सात पट करूनही आकडा छोटाच राहतो. २००९ मध्ये याचं एक कारणही सापडलं. जॅकच्या आसपासची डीएनएची एक विशिष्ट ठेवण, जी पुष्कळ धडधाकट माणसांतही असते, ती असेल तर ही चूक होण्याची शक्यता थोडी वाढते. चूक वारशाने येत नाही, चुकीला पोषक जमीन येऊ शकते.

तो म्हणाला, "आईला पहिलं वाक्य सांग. 'आनुवंशिक नाही.' ते खरंच आहे. तळटीप कशाला?" यावरून आमचं जोरदार भांडण झालं. नऊ दिवस अबोला. त्याचं म्हणणं, त्याची आई आकडे ऐकत नाही, शब्द ऐकते. 'सात पट' एवढंच ऐकेल. माझं म्हणणं, एका पेपरची तळाची ओळ न वाचल्यामुळे मी एका रात्रीत तेरा वर्षं गमावून बसले होते. आता दुसऱ्याला तळाची ओळ न दाखवता मी गप्प राहू?

शेवटी मी एकटीच कोथरूडला त्यांच्या घरी गेले. कागदावर चित्र काढलं, मॅडमसारखं. दार, बेल, वॉचमन. 'जॅक लागला'वर त्या हसल्या. मग तळटीपही सांगितली, पाच ते सात पट आणि तरीही किती कमी, दोन्ही. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला, चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि आतूनच म्हणाल्या, "आमच्याकडे याच्या आजोबांपासून सगळ्यांना डायबेटिस. ह्यांची बायपास झाली. ते सांगितलं का तुला कुणी?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याला संध्याकाळी फोन करून झापलं. अबोला तिथेच सुटला. पुढचा सीबीसी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मागच्या वेळी ८,१२,००० होत्या. लग्न डिसेंबरातच करायचंय, पण कोथरूडमध्ये एकही हॉल रिकामा नाही. कुणाचा जॅक असेल तर कळवा!